रूपरावचा चंदन

वडनेरच्या स्टँडवर उतरून कोणी 'रूपरावचा चंदन कुठं राहतो' असं विचारलं, की पानठेलेवाला पान लावता लावता मानेनंच दिशा दाखवायचा. नुसतं चंदन म्हणून भागायचं नाही, कारण गावात चंदन तीन. एक सायकलच्या दुकानाचा, एक मास्तरांचा आणि एक रूपरावचा. हा तिसरा उंचीनं बेताचा आणि बोलण्यात त्याहून बेताचा. पायात बारा महिने रबरी चपला, आणि चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधायची सवय. ही सवय रूपरावची. सकाळी दोघं पाठमोरे वावराकडे निघाले की शेजारची प्रमिलाबाई ओट्यावर तूर निवडता निवडता म्हणायची, "निंघाले पहा बापलेक, पोलिसानं पकडून नेल्यावानी." रूपराव हसायचे. चंदन खाली पाहून चालायचा.

बापलेक हा शब्द गावाचा. कागद वेगळंच सांगत होता, पण पंचेचाळीस वर्षं कागदाला कोणी काही विचारलं नव्हतं.

चंदन रूपरावांच्या पोटचा नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं. रूपराव आणि आनंदाबाईला मूल राहत नव्हतं. रूपरावांची बहीण अनुसयाबाई तळेगावला दिलेली, श्यामजी पंताच्या तळेगावला. तिला तिसरा मुलगा झाला तेव्हा तिनं तो वर्षाचा व्हायच्या आत आणून भावजयीच्या ओटीत घातला. चार माणसं जेवली, भटजीनं काही म्हटलं, आणि अनुसयाबाई मोकळ्या हातानं बसमध्ये बसून परत गेली. तेव्हापासून चंदनचे बाबा म्हणजे रूपराव, माय म्हणजे आनंदाबाई आणि तळेगावची ती आत्या. अनुसयाबाईनंही दिलेला शब्द असा पाळला, की चंदन तिच्या घरी गेला तर त्याचं ताट सून वाढायची. आपल्या हातानं वाढलं तर हात परत मागेल, अशी तिला भीती असावी.

आनंदाबाई आधी गेली. सहा वर्षांनी रूपराव गेले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अकरा महिने खाटेवर काढून. त्या अकरा महिन्यांत चंदननं जे केलं त्याची यादी करण्यात अर्थ नाही. ज्यानं घरात असं म्हातारपण काढलं आहे त्याला ती पाठ असते. त्यानं अग्नी दिला, मुंडण केलं, आणि तेरवीला त्याच्या सासरच्यांनी त्याच्या डोक्यावर पागोटं बांधलं. घरच्या मुलालाच ते बांधायचं, म्हणजे आता हा कर्ता, असा आमच्याकडचा रिवाज. पागोट्याचा शेव नीट बसला नव्हता, तो रूपरावांचे धाकटे भाऊ बंडूजी यांनी पुढं होऊन सारखा केला. मग बंडूजी जेवले, वर्ध्याला नालवाडीत आपल्या घरी गेले, आणि दीड महिन्यानं तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज घेऊन आले.

पण त्याआधी पेटी उघडली गेली होती.

रूपरावांनी शेवटच्या दिवसांत दोनदा सांगितलं होतं, "पेटीत लाल फडक्यात कागद हाय. पक्कं करून ठेवलं मी. तू घाबरू नको." चंदननं फडकं सोडलं. हिंगणघाटला नोंदवलेलं मृत्युपत्र होतं. तो माजघरात मांडी घालून बसला, बायको छाया दाराला टेकून उभी राहिली, आणि त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'मला मूलबाळ नाही. माझी बहीण अनुसया हिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा चंदन उकंडराव, हा लहानपणापासून माझ्याकडे राहतो व माझी सेवाचाकरी करतो.' इथं तो थांबला. पुढं पाच एकर वावर, राहतं घर, गोठा, विहीर सगळं त्यालाच लिहून दिलं होतं. त्याला ते दिसलं नाही. तो पहिल्या वाक्यावरच अडून राहिला.

"सारं तुमच्याच नावानं लिहिलं ना?" छायानं विचारलं.

"हो."

"मंग काऊन असे बसले?"

"मूलबाळ नाई म्हणते," चंदन म्हणाला. डोक्यावर अजून केस उगवले नव्हते. त्यानं त्यावरून हात फिरवला आणि कागद पुन्हा फडक्यात बांधला.

बापानं घराबाहेर काढलं तर निदान भांडता तरी येतं. इथं सगळं घर हाती देऊन बाहेर काढलं होतं, आणि काढणाराच निघून गेला होता. चंदनला फार वाईट वाटलं. त्यानं कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या महिन्यात तो दोनदा विहिरीवरची मोटर चालू ठेवून घरी आला, आणि असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

बंडूजींची हरकत सरळ होती. भावाला मूल नव्हतं, चंदनचं दत्तकपत्र नाही, मृत्युपत्र बनावट आहे, तेव्हा वारस आम्ही भाऊ-बहीण. अनुसयाबाईनं तळेगावहून कळवलं की मले काही नको. पण हरकत आली म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार थांबतो. कोर्टातून मृत्युपत्र शाबीत करून आणा, असं चंदनला सांगण्यात आलं. वकील त्याला प्रोबेट म्हणतात.

हिंगणघाटचे वकील कृष्णकांत यांनीच ते मृत्युपत्र सात वर्षांपूर्वी तयार केलं होतं. सावकाश बोलणारा, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारा माणूस. त्यांनी चंदनला समोर बसवलं.

"दोन वाटा आहेत," ते म्हणाले. "दत्तक मुलगा म्हणून उभे राहा, किंवा भाचा म्हणून हा कागद शाबीत करा. दोन्ही एकदम करता येत नाही."

"पोरगा म्हणून," चंदन लगेच म्हणाला.

"शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव काय?"

"उकंडराव."

"आधारकार्ड? मतदारयादी?"

"तेच. पण लग्नाच्या पत्रिकेत रूपरावचा चिरंजीव छापलं हाय."

"एका पत्रिकेनं तुमच्या वडिलांची सही खोडता येणार नाही," वकील म्हणाले. आपण वडील म्हटलं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "एक सांगतो. पहिल्या दिवशी ते 'पोरगा लिहा' म्हणूनच आले होते. मी म्हटलं, कागदोपत्री तो उकंडरावांचा मुलगा आहे. तुम्ही पोरगा लिहाल, उद्या तुमचा भाऊ दत्तकपत्र मागेल, ते मिळणार नाही, आणि मग सगळाच कागद संशयात येईल. उठून गेले. पंधरा दिवसांनी परत आले. म्हणाले, लिहा भाचा. त्याच्या हातचं वावर गेलं नाई पायजे."

चंदननं विचारलं, "पण दाखल्यावरच आपलं नाव काऊन नाई टाकलं त्यायनं?"

ते वकिलांना माहीत नव्हतं. माहीत असणारं एकच माणूस जिवंत होतं.

वडनेरहून तळेगाव म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. हिंगणघाट, वर्धा, आर्वी अशा गाड्या बदलत तो दुपारी पोचला. अनुसयाबाई अंगणात बाजेवर बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. सुनेनं पाणी दिलं, जेवणाचं विचारलं. चंदननं चहाही नको म्हटलं आणि आल्या आल्या प्रश्न टाकला.

"आत्या, माह्या दाखल्यावर बाबाचं नाव काऊन नाई? मले पुरं घेतलंच नव्हतं का त्यायनं?"

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. मग सुनेला आत जायला सांगितलं.

"वहिनीचे तीन गेले," ती म्हणाली. "एक सव्वा महिन्याचा. एक बसत होता. पोरगी तं चालत होती, पायात वाळे होते तिच्या. वहिनीच्या मनानं घेतलं, का या घराच्या नावानं लेकरू लिहिलं का ते जाते. तुले ओटीत घेतलं त्या दिवशीच मले म्हणे, बाई, तुह्या यजमानाचंच नाव राहू दे याच्या पाठीशी. ते नाव राखणदार हाय."

उकंडराव या नावाचीही एक गोष्ट होती, आणि ती चंदनला अर्धीमुर्धी ठाऊक होती. उकंडरावांच्या आईचीही मुलं जगत नव्हती. हे जन्मले तेव्हा तिनं त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि दुसऱ्याचं टाकलेलं पोर सापडलं असं म्हणून उचलून आणलं. जीव नेणाऱ्याला त्या नावाची किळस यावी, म्हणून उकंड्या. ते ऐंशी वर्षं जगले. आनंदाबाईनं हाच हिशेब पुढं चालवला. पोर घरात ठेवायचं, जीव लावायचा, पण कुठल्याही सरकारी कागदावर त्याला आपलं म्हणायचं नाही. रेशनकार्डावरसुद्धा तिनं त्याचं नाव चढू दिलं नव्हतं. त्याच्या वाटची साखर पदरची घेतली.

"दाखला लिहून राह्यले होते मास्तर," अनुसयाबाई सांगत होती. "बापाचं नाव विचारलं. दादानं माह्या यजमानाचं सांगतलं. घरी येऊन रडला दादा. वहिनीले म्हणे, मोठा झाला का बदलू. मंग तुले मॅट्रिकच्या सालाले टायफाइड झाला. तवापासून तं नाव बदलाची गोष्टच नाई काढली कोणी."

"मले कोणीच नाई सांगतलं."

"सांगून चालते का? आठवते का तुले, लहानपणी कोणी अनोळखी माणसानं विचारलं, कोणाचा रे तू, तं तू काय म्हणे?"

चंदननं मान हलवली. आठवत नव्हतं.

"पाहुणा. मामाच्या घरी पाहुणा आलो, म्हणे तू. वहिनीनं पढवलतं. कोणी विचारलं तं हेच सांगजो. तू सांगे, अन् वहिनी दाराआड उभी राहून आयके. बराबर सांगतलं का तुले गूळ दे."

मग त्याला आठवलं. शब्द नाही आठवले, गुळाचा खडा आठवला, आणि दाराच्या फटीतून दिसणारा हिरव्या लुगड्याचा काठ.

परतीच्या गाडीत त्याला हलकं वाटायला हवं होतं. बाबानं आपल्याला पुरतं घेतलं होतं, इतकं की सही करताना स्वतःचं नाव मागं घेतलं. मायनंही तेच केलं होतं. पण हलकं वाटलं नाही. राग होता तोवर धरायला काही तरी होतं. आता तेही गेलं, आणि ज्यांनी त्याला जगवलं त्यांच्याच युक्तीनं त्याचा मुलगेपणा गेला होता. आर्वीच्या स्टँडवर गाडी अर्धा तास उभी होती. तो खिडकीशी डोळे पुसत बसला. शेजारच्या माणसानं विचारलं, कोणी गेलं का. चंदन म्हणाला, हो.

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला जाऊन त्यानं भाचा म्हणून अर्जावर सही केली.

वकिलांनी बजावून ठेवलं, की आता बोलण्यात फरक पडता कामा नये. बंडूजी गावातून साक्षीदार आणतील. रूपरावचा पोरगा असं कोणी कोर्टात म्हणालं, की ते म्हणतील हा माणूस गावात एक सांगतो आणि इथं एक. तेव्हा चंदनवर जी वेळ आली ती कोणावर येऊ नये. तो संध्याकाळचा एकेका घरी गेला. पानठेल्यावर गेला, सोसायटीत गेला, प्रमिलाबाईच्या ओट्यावर गेला, आणि सांगितलं, "कोणी विचारलं तं रूपराव माहे मामा, असं सांगजा." प्रमिलाबाई म्हणाली, "बरं बाप्पा. तू म्हणशील तसं." गावही समजूतदार. लोकांनी आधी अडखळत म्हटलं, मग सरावानं.

तारखांवर तारखा पडत दोन वर्षं गेली. म्हातारीची तब्येत पाहून तिची साक्ष आधी घेतली. तिला चंदननंच धरून पिंजऱ्यात उभं केलं. वकिलांनी विचारलं, "चंदन तुमचा कोण?"

अनुसयाबाईनं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. तिनं चंदनकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"पोरगा," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांगा आजी, लिहून घ्यायचं आहे."

"माहा पोरगा हाय."

बाहेर चहाच्या टपरीवर चंदननं तिच्या हातातला कप खालून धरला. पंचेचाळीस वर्षं सांभाळलेला शब्द तिनं परक्या लोकांसमोर, मोठ्यानं, दोनदा मोडला होता. "दिव्यात तेल टाकशील तं वहिनीले सांगजो," ती म्हणाली. "मले म्हणा लागलं. मनानं नाई म्हटलं."

"सांगतो, आत्या."

त्याचा नंबर पुढच्या तारखेला आला. छायानं घरी त्याच्याकडून उत्तरं घोकून घेतली होती. बंडूजींचा वकील तरुण होता, आवाज चढवत नव्हता. मागच्या बाकावर बंडूजी पांढऱ्या सदऱ्यात बसले होते.

"मयत रूपराव तुमचे कोण?"

"मामा."

गावाला पढवताना आणि घरी घोकताना सोडलं तर हा शब्द त्या माणसासाठी त्यानं जन्मात उच्चारला नव्हता, निदान कळत्या वयात. सहज आला तोंडातून. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"त्यांच्या मृत्यूनंतर तुम्ही मुंडण केलं?"

"हो."

"तेरवीला पागोटं बांधून घेतलं?"

"हो."

"पागोटं मुलाला बांधतात. तुम्ही मुलगा म्हणून बांधून घेतलं ना?"

चंदननं बंडूजींकडे पाहिलं. ज्या हातानं शेव सारखा केला होता, तो हात मांडीवर उपडा ठेवून बंडूजी खाली पाहत होते. न्यायाधीशांनी मान वर केली. चंदनची नजर दाराकडे गेली. दारात शिपाई उभा होता, दुसरं कोणी नव्हतं.

"नाई," तो म्हणाला.

"मग कोण म्हणून?"

"दुसरं कोणी नव्हतं घरात म्हणून."

टाइप करणाऱ्या बाईनं ते उतरवून घेतलं. 'घरात दुसरे कोणी नसल्यामुळे मी पागोटे बांधून घेतले. मी मयताचा मुलगा नाही.' साक्ष वाचून दाखवली, आणि त्यानं प्रत्येक पानाखाली सही केली. चंदन उकंडराव. कृष्णकांत वकील बाहेर आल्यावर म्हणाले, फार चांगली साक्ष झाली. ते खरंच बोलत होते, आणि म्हणूनच चंदनला त्यांच्यासमोर उभं राहवेना.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. बंडूजींनी पुढं अपील केलं नाही. उलट त्या पोळ्याला फोन करून त्यांनी छायाची तब्येत विचारली. फेरफार मंजूर झाला, आणि एका मंगळवारी चंदन तलाठ्याकडून नवा सातबारा घेऊन निघाला. रस्त्यातच उभं राहून त्यानं तो पाहिला. रूपरावांचं नाव कंसात गेलं होतं, म्हणजे हे आता नाही. त्याखाली चंदन उकंडराव. एकाखाली एक अशी दोन नावं. अनोळखी माणसानं पाहिलं असतं तर वावर विकलं असंच वाटलं असतं.

त्याला वाटलं होतं की आता संपलं. कोर्टात म्हणायचं ते म्हणून झालं, कागद झाला, आता गाव आपलं नेहमीसारखं बोलायला लागेल. तो गल्लीत वळला तेव्हा प्रमिलाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं त्याच्या हातातला कागद पाहिला आणि तिला मनापासून आनंद झाला. दोन वर्षांपूर्वीच तिनं या घरासाठी शेगावच्या महाराजांना नारळ बोलला होता.

"झालं का रे चंदन?" तिनं विचारलं. "मामाचं वावर झालं ना तुह्या नावानं?"

ती सहज बोलली होती. तो शब्द त्यानंच तिच्या ओट्यावर येऊन तिला दिला होता, आणि तिनं तो नीट जपून ठेवला होता. 'बाबाचं म्हण' असं तो आता कोणत्या तोंडानं सांगणार होता? प्रत्येक पानाखाली त्याची सही होती.

"झालं," तो म्हणाला.

घरात जाऊन त्यानं कागद लाल फडक्यात बांधला, पेटीत ठेवला आणि दार ओढून बाहेर आला. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो वावराकडे निघाला. ओट्यावरून कोणी काही म्हटलं नाही.